बेने इस्रायलींचे मराठी कीर्तन

बेने इस्रायल हा कोकणात शतकानुशतके राहिलेला मराठी भाषक ज्यू समाज. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज येथे आले, असे त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. अठराव्या शतकात हा समाज मुंबईत स्थिरावू लागला. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले.

सिनेगॉगमधली प्रार्थना हिब्रूत होई, घरात मात्र मराठीच चाले. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या हगादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती 1846 मध्ये मुंबईत निघाली. बायबलमधल्या कथा सर्वांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून 1880 च्या सुमारास समाजातील काही मंडळींनी कीर्तनाचा मार्ग धरला.

त्यासाठी नवे रूप घडवावे लागले नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरात चैत्रातल्या उत्सवात जे कीर्तन रंगते, त्याच घाटात हेही बसले: निरूपण, मधूनमधून पदे आणि पुढे आख्यान. ओवी, साकी, दिंडी ही वृत्तेही तीच राहिली. रामकथेच्या जागी मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांची चरित्रे आली. पदांवर ‘चाल’ म्हणून ओळखीच्या गाण्याचा निर्देश छापलेला असे, त्यामुळे श्रोत्यांनाही ती उचलता येत. या रचनाकारांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव घेतले जाते.

1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाली. त्या वेळी भारतात बेने इस्रायलींची संख्या सुमारे 20 हजार होती. पुढच्या दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला येथे वसली. तेथे आधी मान्यतेसाठीच झगडावे लागले. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहांबाबत वंशावळीच्या चौकशीची अट घातली. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि 1964 मध्ये संसदेने त्यांना पूर्ण समान ज्यू मानले.

या स्थलांतरात पूर्ण बैठकीचे कीर्तन मागे पडले. टिकली ती त्यातली गाणी. ती मुख्यतः स्त्रियांनी जपली. मलिदा हा ती गाण्याचा एक प्रसंग. ताटात गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे आणि फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे (संदेष्टा एलियाचे) स्मरण केले जाते आणि त्याचे गीत म्हटले जाते. लग्नाआधीच्या मेंदीतही मराठी गाणी होतात. ‘मायबोली’ या नियतकालिकाने इस्रायलमध्ये मराठी लेखनही चालू ठेवले.

इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांची पहिली भाषा मात्र हिब्रू आहे. गाण्यांचा अर्थ आणि चाल दोन्ही जाणणारी माणसे आता प्रामुख्याने वयस्क आहेत. म्हणून त्यांच्या तोंडून या पदांचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे हे मराठी संगीताच्या इतिहासासाठीही तितकेच निकडीचे काम आहे.