डुकराच्या चाचणीचं कूळ हंसाकडे

जपानमध्ये १९६५ पासून उन्हाळा लागला की कत्तलखान्यातल्या डुकरांचं रक्त तपासतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासांमधून फिरू लागलाय का, याची वर्दी डुक्कर देतं. जनावर जेमतेम सहा महिन्यांचं, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं निघाली तर ती बहुधा याच हंगामातली. चाचणी पशुवैद्यांच्या घरची वाटते. मी मात्र तिचं मूळ फ्लूच्या संशोधनात लावतो.

१९४१ साली न्यू यॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवत होते. द्रव काढताना गर्भाची रक्तवाहिनी फुटली की तांबड्या पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. पेशी चिकटवत होता विषाणूच. सीरममध्ये प्रतिपिंडं असली की गुठळी अडायची. डासांच्या विषाणूंकडून हेच काम करून घेणं जिकिरीचं होतं. १९५८ मध्ये डेल्फिन क्लार्क आणि जोर्दी कासाल्स यांनी त्याची नीट घडी बसवली: उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतून साखर आणि अ‍ॅसिटोन वापरून प्रतिजन काढायचं, आम्लता विषाणूगणिक काटेकोर राखायची आणि पेशी हंसाच्या घ्यायच्या. हंसच का? त्याच्या पेशी चटकन दाद देतात, एवढंच कारण पुरलं असणार.

आधी सीरमला केओलिनची प्रक्रिया. नाहीतर त्यातली मेदयुक्त प्रथिनं खोटी साक्ष देतात. मग १:१०, १:२०, १:४० असं पातळ करत प्रतिजन घालून रात्रभर थंडीत ठेवायचं आणि शेवटी हंसाच्या पेशी सोडायच्या. वाटीच्या तळाशी लाल ठिपका बसला, तर प्रतिपिंडं आहेत. पेशी पातळ थरासारख्या पसरल्या, तर डुक्कर कोरं.

काहीजण हे कूळ मॅक्स थायलर यांच्या उंदरांपर्यंत नेतात. १९३० साली त्यांनी पीतज्वराचा विषाणू आणि सीरम एकत्र करून उंदराला टोचलं. उंदीर जगला तर सीरममध्ये संरक्षण आहे. भारतात मेंदूज्वराचा पहिला माग १९५२ च्या नागपूरकडच्या सर्वेक्षणात लागला, तोही माणसांच्या सीरमची अशीच परीक्षा घेऊन. दावा वजनदार आहे. शिवाय हंसाची चाचणी डेंगी, वेस्ट नाईल अशा भाऊबंदांमध्ये गफलत करते. तेव्हा निवाडा आजही विषाणू निष्प्रभ करणाऱ्या चाचणीकडेच जातो.

पण निवाडा वेगळा आणि पहारा वेगळा. उंदरांच्या पद्धतीत एकेका सीरमला अनेक उंदीर लागत आणि निकालाला कित्येक दिवस. डुकरांचे ढिगाने आलेले नमुने दुसऱ्या दिवशी वाचून दाखवणं हंसाच्या पेशींमुळे जमलं. म्हणून डुक्कर पहारेकरी झालं ते हंसामुळे, या मतावर मी ठाम आहे.