आतड्यातील देवघेव

औषधांना न जुमानणारे जिवाणू कसे निर्माण होतात हे वर्गात सांगताना आपण बहुधा उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवड या दोन शब्दांवर थांबतो. लक्षावधी पेशींत एखादी योगायोगाने बदललेली असते. औषधाने बाकीच्या मरतात, ती उरते आणि तिचीच प्रजा वाढते. हे स्पष्टीकरण खरे आहे, पण अपुरे आहे. ते अपुरे असल्याचे ध्यानात आले जपानमध्ये, आमांशाच्या रोग्यांची विष्ठा तपासताना.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शिगेला जिवाणूंमुळे होणाऱ्या आमांशावर सल्फा औषधे सर्रास दिली जाऊ लागली. काही वर्षांतच ती निकामी ठरली. १९५२ साली नोंदलेल्या रोग्यांची संख्या लाखावर होती. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन यांचा आधार घेण्यात आला. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका स्त्रीच्या विष्ठेत मात्र या चारही औषधांना दाद न देणारा शिगेला सापडला. पुढे असे जिवाणू ठिकठिकाणी आढळू लागले.

येथे थोडे गणित करून पाहू. एका औषधाचा रोध देणारा बदल एक कोटी पेशींत एकदा घडतो असे धरले, तर चारही बदल एकाच पेशीत एकदम घडण्यासाठी एकावर अठ्ठावीस शून्ये इतक्या पेशी लागतील. एवढे जिवाणू कोणाच्याही पोटात मावणार नाहीत. बदल एकामागून एक घडले म्हणावे, तर एकच औषध घेतलेल्या रोग्यांतही चौपदरी रोध दिसत होता. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे, अशा रोग्यांच्या आतड्यातील निरुपद्रवी एश्चेरिशिया कोलाय जिवाणूही त्याच चार औषधांना रोध करत होते.

मग एकाने दुसऱ्याला रोध 'दिला' तर नसेल? टोकियोचे अकिबा आणि नागोयाचे ओचिआई यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे हे तपासले. रोधी कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला त्यांनी एकाच पोषक द्रवात वाढवले. शिगेला रोधी झाले, तेही चारही औषधांना एकदम! पेशी गाळून काढलेल्या नुसत्या द्रवाने मात्र काही होत नव्हते. दोन पेशींचा प्रत्यक्ष संपर्क हवा होता. केओ विद्यापीठाच्या वातानाबे यांनी पुढे दाखवले की अॅक्रिफ्लेविन रंगद्रव्याने हा रोध पुसला जातो. म्हणजे रोधाची जनुके मुख्य गुणसूत्रावर नव्हती, तर डीएनएच्या एका स्वतंत्र तुकड्यावर होती. अशा तुकड्यांना लेडरबर्ग यांनी १९५२ मध्येच 'प्लास्मिड' हे नाव देऊन ठेवले होते.

सुरुवातीचे शोधनिबंध जपानी भाषेत असल्याने पाश्चात्त्य जगाला याची फारशी वार्ता नव्हती. वातानाबे यांचा इंग्रजी आढावा १९६३ चा. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या नेओमी दत्ता यांनी १९५९ च्या एका रुग्णालयातील साल्मोनेलाच्या साथीतही असाच संक्रमणशील रोध असल्याचे प्रसिद्ध केले होते.

पुढे दत्ता यांनी एक मूलभूत प्रश्न हाती घेतला. हे प्लास्मिड प्रतिजैविकांमुळे जन्मले की आधीपासूनच होते? मरे नावाच्या जिवाणुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले जिवाणू जतन करून ठेवलेले होते. (असा संग्रह सांभाळणाऱ्यांचे श्रेय सहसा कोणी मोजत नाही.) ह्यूज आणि दत्ता यांनी १९८३ मध्ये त्यांतील ४३३ वाण तपासले. जवळजवळ चतुर्थांश वाणांत एका पेशीतून दुसरीत जाणारे प्लास्मिड होते, पण त्यांच्यावर रोधाची जनुके नव्हती. गाडी जुनीच होती, उतारू नवे.

२००८ मध्ये स्वीडनमधील एका रोग्याच्या लघवीत कार्बापेनेम गटालाही न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. या रोग्यावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या जनुकाला एनडीएम-१ हे नाव मिळाले आणि २०१० मध्ये आपल्याकडे नावावरून मोठा वाद पेटला. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी अशा २४ रोधी नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचे प्रसिद्ध केले. नावाच्या वादात एक गोष्ट मागे पडली, ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. स्वीडनच्या त्या रोग्याच्या विष्ठेतील कोलाय जिवाणूंतही तेच जनुक होते आणि दोन्हीकडे ते प्लास्मिडवरच होते.