वार

वार किंवा अपरा हा गर्भारपणात गर्भाशयात तयार होणारा आणि बाळाच्या जन्मानंतर शरीराबाहेर पडणारा तात्पुरता अवयव आहे. गर्भाचा श्वास, पोषण, उत्सर्जन आणि काही अंशी संरक्षण ही कामे हा एकच अवयव पार पाडतो. बोलण्यात वार आणि नाळ यांची पुष्कळदा गल्लत होते. नाळ म्हणजे गर्भाच्या बेंबीपासून निघणारा दोर आणि वार म्हणजे त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली चकती. गाईम्हशींच्या बाबतीत या अवयवाला जार असेही म्हणतात.

उत्पत्ती

फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी पेशींचा पोकळ गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्याच्या आतील पेशींपासून गर्भ बनतो आणि बाहेरच्या थरापासून वारेचा मोठा भाग तयार होतो. त्यामुळे वार मातेच्या शरीरात असली तरी जनुकीयदृष्ट्या ती बहुतांशी बाळाची असते. बाळाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली, म्हणजे मातेच्या शरीराला परकी असतात. तरीही मातेची प्रतिकारशक्ती तिला बाहेर फेकून देत नाही. या सहिष्णुतेचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

वारेच्या बाह्य आवरणातील पेशी एकमेकींत विरघळून एकसंध थर बनवतात. या मीलनासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन ज्या जनुकापासून तयार होते, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेल्या एका विषाणूचे आहे, असे २००० साली दिसून आले. रोगकारक म्हणून आलेला पाहुणा अशा रीतीने घरच्या कामाला लागला.

रचना व कार्य

पूर्ण दिवस भरल्यावर वार साधारण २० ते २२ सेंमी व्यासाची आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाची असते. नाळ ५० ते ६० सेंमी लांब असून तीत दोन रोहिणी व एक नीला असते. येथे एक उलटापालट लक्षात ठेवावी लागते: नाळेतील नीला बाळाकडे शुद्ध रक्त नेते आणि रोहिणी अशुद्ध रक्त वारेकडे आणतात.

वारेतून झाडाच्या मुळांसारखे असंख्य अंकुर फुटलेले असतात आणि ते मातेच्या रक्तात बुडालेले असतात. त्यांचे एकूण पृष्ठफळ १२ ते १४ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढे भरते. प्राणवायू, ग्लुकोज, अमिनो आम्ले इत्यादी पदार्थ अंकुरांच्या पातळ भिंतीतून बाळाकडे जातात आणि कार्बन डायऑक्साइड व युरिया उलट दिशेने येतात. आईचे रक्तच बाळाच्या अंगात वाहते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही रक्ताभिसरणे स्वतंत्र असल्याचे विल्यम व जॉन हंटर या बंधूंनी अठराव्या शतकातच दाखवून दिले होते.

वार संप्रेरकेही निर्माण करते. गर्भारपणाची घरगुती लघवी चाचणी ज्या एचसीजी या संप्रेरकावर आधारलेली आहे, ते वारेच्याच पेशींतून स्रवते. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरोन सुरुवातीला बीजांडकोशातील पीतपिंडातून मिळते. आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते काम वारेकडे येते.

गाळणीची मर्यादा

वार सर्व अपायकारक पदार्थ अडवते, असे दीर्घकाळ मानले जाई. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गर्भारपणात रुबेला झालेल्या मातांच्या बाळांना जन्मजात मोतीबिंदू होत असल्याचे निदर्शनास आणले. त्यानंतर १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध गर्भवतींनी मळमळीवर घेतले आणि अनेक देशांत हजारो बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले. मद्य, निकोटिन आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडही वार ओलांडतात. वैद्याच्या सल्ल्यावाचून गर्भवतीने साधी गोळीही घेऊ नये, यामागचे कारण हेच.

याच मार्गाने मातेची प्रतिद्रव्येही बाळाला मिळतात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत. गर्भवतीला दिलेली धनुर्वाताची लस नवजात बाळाचे रक्षण करते ती यामुळेच. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास मात्र प्रतिद्रव्ये पुढच्या खेपेच्या गर्भाच्या तांबड्या पेशींवर हल्ला करू शकतात. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देऊन हा धोका टाळता येतो.

वार पडणे आणि रक्तस्राव

प्रसूतीची तिसरी अवस्था म्हणजे वार पडणे. बाळ जन्मल्यावर साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ती सुटते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय घट्ट आवळले, तरच उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात. ते आवळले नाही किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर धडधाकट बाळंतीणही काही तासांत दगावू शकते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात आणि पडलेली वार पूर्ण आहे की नाही हे तपासतात. अडकलेली वार निघावी म्हणून नाळ जोराने ओढणे किंवा बाळंतिणीच्या घशात केस घालून ओकारी काढणे हे जुने उपाय घातक आहेत.

वार गर्भाशयाच्या मुखावर असल्यास अखेरच्या महिन्यांत वेदनारहित रक्तस्राव होतो. अशा स्त्रीला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. ती भिंतीत खोल रुतून बसण्याचा विकार आधीच्या सिझेरियनच्या व्रणामुळे संभवतो आणि सिझेरियनची संख्या वाढली तसा तोही वाढला आहे.

नाळ कापणे आणि रूढी

बाळ रडत असेल तर नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतील रक्त बाळाला मिळते आणि त्याचा लोहसाठा वाढतो. पूर्वी सुईणी विळ्याने वा साध्या ब्लेडने नाळ कापत आणि जखमेवर राख किंवा शेण लावत. त्यातून होणाऱ्या धनुर्वाताने असंख्य अर्भके दगावली. लसीकरण व रुग्णालयातील प्रसूतींमुळे माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

घरी बाळंतपण झाल्यावर वार अंगणात किंवा परसात पुरण्याची रीत होती. जन्मगावाशी ‘नाळ जोडलेली असणे’ या वाक्प्रचारात तिची आठवण दिसते. रुग्णालयांत आता वार पिवळ्या पिशवीत घालून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार नष्ट केली जाते.