मूल कोणाच्या घरचं?

मूल झालं की संसार टिकतो, हे मैलापूरच्या आमच्या तंजावर मराठी घरात मी लहानपणापासून ऐकत आले. आता कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना तेच तमिळमधून ऐकते. अशील बाई म्हणते, ‘कुळंदैक्काग’. मुलासाठी इतकी वर्षं सोसलं. ही समजूत कुठून आली ते जुन्या मद्रास इलाख्याच्या इतिहासात दिसतं.

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी 1909 साली दक्षिणेतल्या जातीजमातींवर सात खंड छापले. त्यांत कळ्ळर समाजाची एक रीत आहे: नवऱ्याने जातभाईंसमोर बायकोच्या हातात गवताची काडी दिली की लग्न सुटलं. मराठी मुलखातल्या काडीमोडीची ही सख्खी बहीणच. म्हणजे घटस्फोट आपल्या मातीला परका नव्हता. अनेक जातींत बाई दुसरा घरोबाही करू शकत होती. पण काडी मोडल्यावर मूल कोणाचं? जिथे वंश बापाकडून चाले, तिथे मूल बापाच्या कुळाचं. निघून जायची मोकळीक बाईला होती. मूल घेऊन जायची सहसा नव्हती.

याच इलाख्यात मलबारही होतं. तिथल्या नायर घरांत मरुमक्कत्तायम चाले, मूल आईच्या तरवाडाचं, म्हणजे आईकडच्या एकत्र घराण्याचं असे. नवराबायकोचं नातं संपलं तरी मुलाचं छप्पर, जेवण, वारसा, मामाचा आधार, काहीच हलत नसे. म्हणून तिथे वेगळं होणं सोपं होतं. 1933 साली लागू झालेल्या मद्रास मरुमक्कत्तायम कायद्याने या लग्नांना आणि त्यांच्या विच्छेदाला कायद्याची चौकट दिली. राज्यकर्ते एकच, मुलांवरची मायाही तीच. फरक होता तो मूल कोणत्या घरचं मानायचं एवढाच.

ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांत घटस्फोटच नव्हता. तिथे मूल नसलं तर नवरा दुसरी बायको करी. वांझ स्त्रीवर आठव्या वर्षी सवत आणावी, मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी, असं मनुस्मृतीच सांगते. पहिली सुटत नसे, नुसती मागच्या खोलीत सरकवली जाई. याविरुद्ध 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने स्त्रीच्या घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1949 मध्ये, मद्रास सरकारने एकाच कायद्याने हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न बंद केलं आणि घटस्फोटाची वाट उघडली. 1955 चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. मूल न होणं हे त्यात घटस्फोटाचं कारण नाही.

मुलाच्या ताब्याचा प्रश्न मात्र मागे राहिला. 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ, एवढीच सवलत. 1973 मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत. त्यांचं हित सर्वांत वर. 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते हे मान्य झालं.

मुलं असलेल्या बायका माझ्याकडे उशिरा येतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न पोटगीचा नसतो. मूल माझ्याकडे राहील ना, हा असतो. ज्याला आपण मुलाने टिकवलेला संसार म्हणतो, तो कित्येकदा मूल गमावण्याच्या भीतीने टिकलेला असतो. संसार सांधण्याचं ओझं लेकरावर टाकू नये. आईला ही भीती नसताना जे लग्न टिकतं, तेच मी टिकलेलं लग्न मानते.