कराचीला व्हिसा लागत नव्हता तेव्हा

अमुक देशात जायला आता भारतीयांना व्हिसा लागणार नाही, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. वाचून आपल्याला बरं वाटतं. जाणं होवो न होवो, दार उघडलं याचाच आनंद असतो. या सवलतीला आपण व्हिसामाफी म्हणतो. मला हा शब्द जरा गमतीचा वाटतो. कर्जमाफीसाठी आधी कर्ज असावं लागतं, फीमाफीसाठी आधी फी. व्हिसाच्या बाबतीत मात्र उलटं झालंय. आधी सगळी माफीच होती, व्हिसा नंतर आला. आणि आपल्या उपखंडात तर तो इतका उशिरा आला, की तो येण्यापूर्वीचे दिवस पाहिलेली माणसं माझ्या घरातच होती. आजचं हे बोलणं त्याबद्दल आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगातल्या बऱ्याच देशांत पासपोर्टशिवाय जाता येत असे. युद्धात हेरांची भीती वाढली आणि सरकारांनी कागद मागायला सुरुवात केली. युद्ध संपलं, कागद राहिला. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये पासपोर्टविषयी एक परिषद भरली. पुढेमागे ही कटकट बंदच करता येईल अशी आशा तेव्हा लोकांना होती. तोवर निदान सगळ्यांच्या पुस्तिका एकसारख्या असाव्यात असं त्या परिषदेत ठरलं. त्याच वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा केला. तात्पुरती म्हणून घातलेली वेस कधी कुणी काढून टाकलीय का? आपल्याकडचा हा १९२० चा कायदा २०२५ पर्यंत टिकला.

पण तो कायदा बाहेरून येणाऱ्यांसाठी होता. मुंबईहून कराचीला जाणारा माणूस बाहेर जातच नव्हता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ ला सिंधचा वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईतून चाले. पुण्याचा कारकून बदली होऊन कराचीला जाई, कराचीचा वकील मुंबईला येई. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही आहे. आणि आमच्या कोकणातले मुसलमान? ते तर पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. मुंबईच्या गोदीत काम मिळालं नाही तर कराचीच्या गोदीत. मुंबईहून इराणच्या आखाताकडे जाणारी जहाजं वाटेत कराचीला थांबत. डेकचं तिकीट काढायचं, पथारी पसरायची, की झालं.

माझ्या दादीचा धाकटा भाऊ १९४३ च्या सुमारास असाच गेला. घरात आम्ही त्यांना ‘कराचीवाले मामू’ म्हणायचो. ते पाकिस्तानला गेले नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ते कराचीला गेले होते, नोकरीला. पाकिस्तान नंतर तिथे आलं.

पंधरा ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, तरी येण्याजाण्यासाठी कुठलाच कागद ठरलेला नव्हता, हे आज सांगितलं तर तरुण मुलांना खरं वाटत नाही. पंजाबात रक्ताचे पाट वाहत होते. तिथला प्रवास म्हणजे मरणाशी गाठ. पण नियम म्हणून पाहिलं तर सरहद्द मोकळी होती. लाखो माणसं घाबरून गेली. त्यांतली कितीतरी वादळ शमल्यावर परत येऊ असं म्हणून गेली होती, घराला कुलूप लावून, किल्ली शेजाऱ्याकडे देऊन. १९४८ च्या सुरुवातीला त्यातले काही खरोखरच परतू लागले. तोवर त्यांच्या घरांत तिकडून उजाडून आलेली निर्वासित कुटुंबं राहत होती. त्यांचाही दोष नव्हता. पण एका घरावर दोन दुःखांचा हक्क कसा चालणार? सरकारसमोर खरा पेच होता, हे मान्य केलंच पाहिजे.

त्यातून जुलै १९४८ मध्ये परमिट आलं. पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायचं तर परवाना हवा, असा वटहुकूम निघाला. थोड्या दिवसांच्या भेटीचं परमिट वेगळं आणि कायमचं परत येण्याचं वेगळं. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसाच बंदोबस्त केला. हा साधा प्रवासाचा परवाना पुढे थेट आपल्या राज्यघटनेत जाऊन बसला. सहावं कलम काढून पाहा, त्यात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. त्या तारखेआधी तिकडून आलेल्यांना नागरिकत्वाची वाट सोपी, नंतर आलेल्यांनी नोंदणी करायची. सातव्या कलमात उलटी बाजू आहे. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात गेला तो भारताचा नागरिक नाही, मात्र कायमच्या वास्तव्याचं परमिट घेऊन जो परत आला त्याला हे लागू नाही. या कलमावर ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत कडाक्याचा वाद झाला. एवढीसुद्धा फट ठेवू नये, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. ती ठेवली गेली, याचं श्रेय तेव्हाच्या नेतृत्वाला द्यायला हवं. पण थोड्या दिवसांचं परमिट घेऊन आलेल्या आणि मग राहून गेलेल्या माणसाचं काय? तो घरी आला होता की पाहुणा? बायको इथे, शेत इथे, आणि हातात पाहुण्याचा कागद.

अशीच काही प्रकरणं मुंबई राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. १९५४ मध्ये निकाल लागला. परमिटच्या कायद्यात एक कलम होतं. नियम मोडल्याचा संशय असला तरी माणसाला देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला त्या कलमाने दिला होता, मग तो माणूस नागरिक का असेना. न्यायालयाने ते कलम नागरिकांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याच देशात राहण्याचा हक्क नुसत्या संशयावर काढून घेता येत नाही, असा त्याचा अर्थ. बी.ए.ला इतिहास विषय असूनही मला हा खटला वर्गात कुणी शिकवला नाही. पुढे एका वकील मित्राने दाखवला.

यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. परमिट फक्त पश्चिमेला होतं. पूर्व बंगाल आणि पश्चिम बंगाल यांच्यात तेव्हाही लोक बिनकागदाचे ये-जा करत होते. म्हणजे एकाच देशाच्या नागरिकाला लाहोरहून यायचं तर परवाना हवा आणि ढाक्याहून यायचं तर माफी. हे १५ ऑक्टोबर १९५२ पर्यंत चाललं. त्या दिवसापासून दोन्ही देशांत, दोन्ही बाजूंना, पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाला. आता दार लागणार म्हणून आधीच्या काही आठवड्यांत पूर्व बंगालमधून हिंदू कुटुंबांची रीघ लागली होती.

क्रिकेटवेड्यांना ही तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर पाकिस्तानचा संघ आपला पहिलावहिला कसोटी सामना खेळायला उतरला. कप्तान होते अब्दुल हफीज कारदार. हेच कारदार १९४६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताकडून खेळले होते. संघातले अमीर इलाहीसुद्धा त्याआधी भारताकडून खेळलेले. पाहुण्यांच्या संघात दोघे जण घरचेच होते म्हणा ना!

आणि कायद्याची तऱ्हा पाहा. व्हिसा आला १९५२ मध्ये, पण पाकिस्तानी माणूस आपल्या कायद्याने तेव्हाही ‘परदेशी’ नव्हता. १९४६ च्या परकीय नागरिकांच्या कायद्यात परदेशीची जी व्याख्या होती, तिच्यातून ब्रिटिश साम्राज्याची प्रजा वगळलेली होती. ती व्याख्या जानेवारी १९५७ मध्ये बदलली. म्हणजे सव्वाचार वर्षं तो माणूस व्हिसा घेऊन येत होता आणि तरी परदेशी नव्हता. नातेवाईक म्हणा हवं तर.

नंतर १९६५ आलं, १९७१ आलं. राजस्थानातून सिंधमध्ये जाणारी मुनाबाव-खोखरापारची रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली चाळीस वर्षं कराचीच्या माणसाला मुंबईला यायचं तर बहुधा लाहोर-अमृतसरचा वळसा. १९७४ मध्ये दोन्ही देशांत व्हिसाचा नवा करार झाला, १९७६ मध्ये समझोता एक्सप्रेस धावू लागली. त्या करारामुळे व्हिसा मिळू लागला, पण तो देशाचा नसे, शहराचा असे. कागदावर जी गावं लिहिलेली असतील तेवढीच. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद.

कराचीवाले मामू १९८३ मध्ये आले. मी नववीत होतो. त्यांच्या व्हिसावर फक्त मुंबई होती. दादी दापोलीकडच्या आमच्या गावी राहायची. तिने एस.टी. पकडली आणि सुके बोंबील, आमसुलं असं काय काय बांधून मुंबईला आली. चाळीस वर्षांनी बहीण-भाऊ भेटले. पहिली दहा-पंधरा मिनिटं दोघं नुसती एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होती, जणू कालच भेटली होती. मग मामूंनी आईच्या कबरीचं विचारलं. त्यांची आई १९५१ मध्ये वारली होती. गाव मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर. अब्बांचे एक मित्र म्हणाले, “रात्री जाऊ, सकाळी परत. कोण विचारतंय?” मामू नाही म्हणाले. आपण निघून जाऊ, पण मागे राहतील त्यांच्या दारात पोलीस येतील, एवढंच बोलले. मग दादीने त्यांना कबर सांगितली. मशिदीकडून आलं की गडगा लागतो, तो जिथे पडलाय तिथून आत, काजूच्या झाडाच्या डाव्या अंगाला. ती दोनदा सांगत राहिली आणि ते मान हलवत राहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी आज चार कविता लिहितो, लोक ऐकूनही घेतात, पण कुणाला वाट सांगावी तर तशी.

मामू पुन्हा आले नाहीत. १९९४ मध्ये कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. तेव्हापासून कराचीच्या माणसाने इकडचा व्हिसा मागायचा तर इस्लामाबाद गाठायचं. ते अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आहे.

या काळात व्हिसामाफीही आली बरं का, पण कुणाला? सार्क संघटना १९८५ मध्ये ढाक्याला स्थापन झाली. तिच्या इस्लामाबादच्या शिखर परिषदेत १९८८ मध्ये ठरलं, की या देशांतल्या लोकांचा एकमेकांशी संबंध वाढावा म्हणून काही जणांना व्हिसातून सूट द्यावी. १९९२ मध्ये योजना सुरू झाली. पुढे तिच्यात चोवीस वर्ग झाले. खासदार, वरिष्ठ न्यायाधीश, बडे अधिकारी, उद्योजक, पत्रकार, खेळाडू. पासपोर्टवर एक चिकटपट्टी लावायची, वर्षभर चालायची. योजना वाईट नव्हती. पण त्या चोवीस वर्गांत ‘बहीण’ असा वर्ग नव्हता.

२०१२ च्या करारात मात्र म्हाताऱ्यांची आठवण झाली होती. पासष्टच्या वरच्यांना अटारीला पोचल्यावर पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा, पोलिसांत नोंद करण्याची गरज नाही, आणि भेटीच्या व्हिसावर तीनऐवजी पाच ठिकाणं. तारीख ठरली १५ जानेवारी २०१३. त्याच महिन्यात ताबारेषेवर आपले जवान क्रूरपणे मारले गेले आणि म्हाताऱ्यांचा व्हिसा ठरल्या दिवशीच थांबला. जवानांच्या घरचं दुःख मोठंच होतं. त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक वेळी किंमत मोजायला रांगेत पहिले उभे असतात ते काठी टेकत आलेले लोक, एवढं मला दिसतं.

शेजारी सगळेच असे नाहीत. नेपाळशी ३१ जुलै १९५० चा करार आहे. त्याच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या लोकांना येण्याजाण्याची, राहण्याची, धंद्याची समान मुभा दिली. नेपाळी माणूस आजही व्हिसाशिवाय येतो. भूतानचंही तसंच. १ सप्टेंबर २०२५ पासून भारताचा नवा परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्याच्याबरोबर सवलतींचा जो आदेश निघाला, त्यातही ही मुभा कायम आहे. त्याच आदेशात आणखी एक सूट आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आश्रयाला आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांकडे कागद नसले तरी त्यांना शिक्षा होणार नाही. छळातून आलेल्या माणसाला कागद विचारू नये, हे मला पटतं. यादी तिथेच का थांबली, हे मात्र पटत नाही.

सार्कच्या त्या चिकटपट्टीचं पुढे काय झालं? एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांना ठार मारलं गेलं. दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, पाकिस्तानी नागरिकांसाठी ही सूट भारताने रद्द केली. त्यावर आलेल्यांना अठ्ठेचाळीस तासांत जायला सांगितलं. पाकिस्तानने दुसऱ्याच दिवशी शीख यात्रेकरू वगळून तेच केलं. अटारीचं नाकं बंद झालं. समझोता आणि मुनाबावची थर एक्सप्रेस तर २०१९ च्या ऑगस्टपासूनच थांबलेल्या होत्या.

राहता राहिलं कर्तारपूर. गुरू नानकांनी अखेरची वर्षं जिथे घालवली, ते हे ठिकाण सरहद्दीपासून जेमतेम चार-साडेचार किलोमीटरवर, पाकिस्तानात आहे. ९ नोव्हेंबर २०१९ ला तिथे जायला एक वाट उघडली. कुठल्याही धर्माच्या भारतीयाला व्हिसा नको. पासपोर्ट दाखवायचा, वीस डॉलर भरायचे, आणि सकाळी जाऊन त्याच दिवशी परत यायचं. जानेवारी २०२२ मध्ये तिथे दोन भाऊ भेटले. एक फैसलाबादकडचा, एक भटिंड्याकडचा, फाळणीत हात सुटलेले, चौऱ्याहत्तर वर्षांनी समोरासमोर. दोघे एकमेकांना मिठी मारून लहान मुलांसारखे रडताना दिसतात, ती फीत तुम्ही पाहिली असेल. आमच्या घरी ती पाहिली तेव्हा दादीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. अब्बा म्हणाले, एवढ्याशा जागेत तर मामूही येऊ शकले असते. आणि मग त्यांनी विचारलं, संध्याकाळी किती वाजता परत निघावं लागतं?

ती वाट ७ मे २०२५ ला भारताने बंद केली.