झेंडू कोन्या गावचा?

दसऱ्याच्या पहाटे अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर उभं राहावं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरतात आणि गाठोडं सोडतात. रात्रभर दबलेली फुलं हळूहळू फुगून वर येतात. उग्र, हिरवट वास सुटतो. फूल उचललं की खालचा हिरवा देठ बोटांना चिकट लागतो. "घ्या न माय, आताच तोडून आनले!" आपट्याचं सोनं आणि झेंडूचं तोरण यांच्यावाचून वऱ्हाडात दसरा उजाडत नाही.

हे इतकं आपलं फूल मूळचं आपल्याकडचं नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. तेव्हा महाराष्ट्रात कुणी झेंडू पाहिलाही नव्हता. त्याचं माहेर मेक्सिको. तिथल्या नाहुआ लोकांनी पाकळ्यांची दाटी पाहून त्याला 'वीस-फूल' म्हटलं. त्यावरूनच आजचं तिथलं नाव सेम्पासूचिल. 1 आणि 2 नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपास, तिथे घरोघरी मेलेल्या माणसांना परतीची वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. आपण दारावर लावतो, ते दारापासून वाट काढतात.

1521 मध्ये स्पॅनिश सैन्यानं मेक्सिको घेतला आणि झेंडू युरोपात पोचला. गोवा 1510 पासूनच पोर्तुगिजांकडे होता; त्यांच्या जहाजांच्या वाटेनं तो सोळाव्या शतकात इकडे आला. तोडलेलं फूल चार दिवसांत मान टाकतं. महिनोन्महिन्यांच्या त्या प्रवासात टिकलं ते बी.

नवख्या पाहुण्याला लोकांनी नाव दिलं ते त्याच्या रूपावरून. कानडीत चेंडु हूवु म्हणजे चेंडूफूल. तेलुगूत बंती म्हणजे चेंडूच, आणि हिंदी गेंदा गेंदेच्या घरचा. आपला झेंडू चेंडूशेजारी ठेवून म्हणून बघा, नातं कानालाच कळतं. गोव्यात मात्र तो रोजां झाला, पोर्तुगीज 'रोझा'वरून. इंग्रजांनी तर त्याला 'आफ्रिकन मेरीगोल्ड' करून टाकलं. उत्तर आफ्रिकेतून आला असं त्यांना वाटलं.

अशीच गफलत वऱ्हाडच्या शेतात उलट्या बाजूनं झाली आहे. कपाशीचं बोंड पोखरणाऱ्या हिरव्या अळीला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, पण ती मूळची जुन्या जगातली, आपल्याच बाजूची. अमेरिकेहून आली ती कपाशी. अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात आज जी कपाशी उभी असते, त्यातल्या बहुतेक वाणांचं मूळ मेक्सिकोकडचंच. म्हणून कपाशीच्या कडेनं झेंडूची ओळ लागली की मला वाटतं, दोन गाववाले परमुलखात भेटले. ही ओळ नुसती शोभेची नसते. बोंडअळीची मादी झेंडूच्या फुलांवर ओढली जाऊन तिथेच अंडी घालते आणि कपाशीवरचा भार हलका होतो. शेतकरी त्याला सापळा पीक म्हणतात.

जहाजातून फक्त बी येऊ शकलं; आता तोडलेली फुलंही विमानात बसतात. तळेगाव दाभाड्याचे गुलाब कळी असतानाच तोडून, थंड खोलीत ठेवून व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी रवाना होतात. नेदरलँड्समधल्या आल्समीरच्या फुलबाजारात शंभरावर वर्षं लिलाव चालतात. तिथे भाव वरून खाली उतरतो. घड्याळावरचा काटा जो आधी थांबवेल, त्याचा माल. दसऱ्याचा बाजारही वरूनच खाली येतो. पहाटे पावशेरासाठी घासाघीस होते आणि दुपारी गोणीला गिऱ्हाईक मिळत नाही. इथे काटा थांबवणारं कुणी नसतं, थंड खोली नसते, उद्याचं गिऱ्हाईक नसतं. दिवस मावळताना गाडीभाडंही न सुटलेला माणूस ढीग तसाच टाकून उठतो आणि गायी त्यात तोंड घालतात. चार महिने पाणी घालून, निंदून, सणाची तारीख गाठून आणलेलं हे फूल असं रस्त्यावर पाहताना पोटात तुटतं.

घरी तोरण दिवाळीपर्यंत दारावर वाळत राहतं. ते उतरवलं की माझी आई सुकलेली फुलं फेकू देत नसे. एकेक बोंड चुरगाळून काळं, शेपटीवालं बी कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवायची. मृगाचा पाऊस पडला की ती पुडी परसात मोकळी व्हायची.