भलत्याच पत्त्यावर सापडलेले राखणदार

मटणाचा तुकडा जठरात गेला की काही तासांत विरघळतो. जठरही मांसाचंच, मग ते का विरघळत नाही? लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७२ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. मृत्यूनंतर जठर खरोखरच स्वतःला पचवू लागतं, हे त्यांनी शवविच्छेदनात पाहिलं होतं. जिवंतपणी तसं होत नाही याचं श्रेय त्यांनी जिवंतपणालाच देऊन टाकलं. आजच्या वाचकाला ही पळवाट वाटेल, पण त्या काळी हाताशी दुसरं काही नव्हतं.

पुढे उत्तराचे तुकडे सापडत गेले. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्याखाली आम्ल मारणारं बायकार्बोनेट पाझरतं आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. एवढ्याने संरक्षणाचा उलगडा बऱ्यापैकी होतो, दुरुस्तीचा होत नाही. ॲस्पिरिनने किंवा दारूने अस्तर सोललं जातं, तरी वरवरची जखम काही तासांत बुजते. या कामातले महत्त्वाचे कारागीर सापडले ते जठराशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांना.

१९८२ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबाँ यांचा गट स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होता. इस्ट्रोजेन दिल्यावर कोणती जनुकं जागी होतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. जागं झालेल्या एका जनुकाला ‘पीएस-२’ असं रुक्ष नाव मिळालं आणि त्याची नोंद कर्करोगाच्या खात्यात झाली.

त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये दुसरीच गोष्ट घडली. नोव्हो कंपनी तेव्हा डुकरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढत असे. ते शुद्ध करताना बाजूला पडणाऱ्या अंशांत योर्गेन्सन, लार्स थिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक पेप्टाइड मिळालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते आतड्याची हालचाल मंदावत होतं आणि जठरातलं आम्लही घटवत होतं. आकडी सैल करणारं म्हणून त्याचं नाव ‘स्पॅस्मोलिटिक पॉलिपेप्टाइड’. तिसरा धागा तर बेडकाचा. जर्मनीत वेर्नर हॉफमन यांना १९८८ साली आफ्रिकी बेडकाच्या कातडीत त्याच्याशी विलक्षण मिळतंजुळतं प्रथिन दिसलं.

कर्करोगाची पेशी, डुकराचं स्वादुपिंड आणि बेडकाची कातडी! अमिनो आम्लांच्या माळा शेजारी ठेवल्यावर मात्र नातं लपेना. प्रत्येकीत सिस्टीनचे सहा मणी ठरावीक अंतरांवर होते. त्यांच्यात गंधकाचे तीन बंध जुळतात आणि माळेची तीन वेटोळी होतात, बेलाच्या त्रिदळासारखी. थिम यांनी १९८९ साली या घडणीला ‘ट्रेफॉइल’, म्हणजे तिपानी, म्हटलं. ही घडी इतकी आवळलेली असते की प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना ती सहजी उकलत नाही. पेप्सिन या पाचक विकराच्या अड्ड्यात, म्हणजे जठरात, टिकायचं तर एवढा चिवटपणा लागतोच.

जठराचा पत्ता लागला तोही १९८८ मध्येच. मारी-क्रिस्टीन रिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कर्करोगाचं मानलेलं पीएस-२ हे प्रथिन निरोगी माणसाच्या जठराचं अस्तर रोजच्या रोज स्रवत असतं. डॅनिश पेप्टाइडचा मानवी भाऊही मुख्यतः जठरातच निघाला. तिसरं भावंड १९९१ साली बॉस्टनमध्ये डॅनियल पोडॉल्स्की यांच्या गटाला उंदराच्या आतड्यात मिळालं. मग नावांचा गोंधळ निस्तरून ट्रेफॉइलवरून तिघांची अनुक्रमे टीएफएफ-१, टीएफएफ-२ आणि टीएफएफ-३ अशी नावं ठरली. माणसात तिघांची जनुकं २१व्या गुणसूत्रावर एका ओळीत, अगदी भिंतीला भिंत लावून आहेत.

अस्तर सोललं गेलं की कडेच्या पेशी विभाजनाची वाट पाहत बसत नाहीत. त्या चपट्या होतात, पाय पसरतात आणि उघड्या जागेवर सरकत जातात. या सरकण्याला ही पेप्टाइडं चालना देतात. शिवाय ती श्लेष्म्याच्या सोबतीनेच स्रवतात. टीएफएफ-२ तर त्यातल्या शर्करांना धरून थर घट्ट करतं. निक रायट यांच्या लंडनमधल्या गटाने १९९० मध्ये व्रणांच्या काठाशी दुरुस्तीसाठी नव्याने उगवणाऱ्या पेशींची एक वेगळी शाखाच दाखवून दिली. तिथे ही पेप्टाइडं भरपूर असतात.

खरा पुरावा १९९६ साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात आला. टीएफएफ-३ काढून टाकलेल्या उंदरांना पाण्यातून आतड्याला ओरखडणारं रसायन दिलं. साध्या उंदरांना त्याने किरकोळ इजा झाली. या उंदरांची जखम मात्र भरेना आणि ते दगावू लागले. टीएफएफ-१ नसलेल्या सगळ्याच उंदरांच्या जठराच्या खालच्या टोकाशी गाठी झाल्या आणि जवळपास तिसऱ्या हिश्श्यात कर्करोग. कर्करोगाच्या पेशीत पहिल्यांदा सापडलेला रेणू जठरात कर्करोगालाच अडवत होता.

एवढं झाल्यावर औषधाची आशा वाटणं साहजिक होतं. पण मोठ्या आतड्याच्या दाहावर टीएफएफ-३ चा एनिमा देऊन पाहिला, तर नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त गुण आला नाही. पेशीवरच्या कोणत्या ग्राहीला धरून ही पेप्टाइडं काम करतात, यावरही अजून वाद आहे. यंत्रणा नीट कळण्याआधी बाटली भरायची घाई झाली, असं म्हणायला जागा आहे.

उपयोग झाला तो निदानात. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं, तर काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर आतड्यासारखं बनतं आणि तिथे टीएफएफ-३ दिसू लागतं. या बदलाला बॅरेट म्हणतात. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल तयार केली. ती गिळायची, पोटात तिचं आवरण विरघळून आतला स्पंज फुलतो आणि वर ओढताना पेशी खरवडून आणतो. त्या पेशींत टीएफएफ-३ शोधतात. इंग्लंडमध्ये जळजळीची औषधं घेणाऱ्या १३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले: स्पंज देऊ केलेल्या गटात १४० जणांना बॅरेटचं निदान झालं, नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात १३ जणांना.